एकतीस कलमांची कचेरी

समुद्रापलीकडच्या सरकारी कचेरीत पासपोर्टचे अर्ज कसे घ्यावेत, कसे तपासावेत आणि कसे परत करावेत, याची एकतीस कलमांची योजना मी एकोणीसशे बावन्न साली आमच्या ओसरीवर बसून तयार केली. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्या पाहण्यातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मांजरा नदीचं, आणि तेही आगगाडीतून.

आमच्या गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. बीदर आणि उदगीरच्या मधे आगगाडी थांबते अशी चार-दोन गावं आहेत, त्यांतलं एक समजा. तिथल्या तहसील कचेरीत मी कारकून होतो. माझं उर्दू अक्षर फार सुरेख. एका मुन्सिफसाहेबांनी माझ्या हातची एक नक्कल निव्वळ अक्षर बघत बसायला म्हणून घरी नेली होती. ती परत आली नाही आणि त्यापायी दोन भावांचा वाडीचा दावा अजून लोंबकळतोय. पण तो विषय वेगळा.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली आणि पाठोपाठ कचेरीतली उर्दूही गेली. मद्रासकडून नवे तहसीलदारसाहेब आले. त्यांना सगळं इंग्रजीत लागे. माझं इंग्रजी 'यस सर' पर्यंत अस्खलित होतं, पुढं जरा खडीचा रस्ता लागायचा. अशात कळलं की तखफीफची, म्हणजे कपातीची, यादी निघणार आहे आणि तिच्यात पहिलं नाव 'गुरुराज, अहलकार', म्हणजे कारकून, असं आहे. सोळा वर्षांच्या नोकरीत माझं नाव कुठल्याही यादीत पहिलं आलं ते हेच.

त्याच आठवड्यात हैदराबादेहून एक गश्तीपत्रक आलं. आखाताकडच्या एका बंदरातल्या आपल्या सरकारच्या कचेरीसाठी उर्दू-फारसी जाणणारा कारकून पाहिजे; इच्छुकांनी अर्जासोबत 'सदर कचेरीने पासपोर्टचे अर्ज कसे हाताळावेत' याची स्वतः केलेली योजना जोडावी; मुदत तीन आठवडे. मी ते पत्रक तीनदा वाचलं. फारसी जाणणारा आमच्या कचेरीत मी एकटाच. मला वाटलं, हे पत्रक सरकारनं माझ्याच नावानं काढलंय, फक्त सभ्यपणानं नाव घातलेलं नाही.

घरी येऊन कागद पुढं ओढला आणि दोन तास तसाच बसलो. अन्नपूर्णा, म्हणजे आमचं कुटुंब, दाराशी आली.

"अहो, कामून असं बसलाव? डोकं दुखायलंय का?"

"योजना करायलोय. परदेशातली कचेरी चालवायचीय."

"इथली चालंना म्हणून का?" एवढं बोलून ती आत गेली, आणि पुन्हा येऊन म्हणाली, "माणसं लांबून येत असतील. पहिलं बसायला टाका आन् तांब्याभर पाणी द्या म्हणून लिवा."

मी हसलो. बायकामाणसांना सरकार काय कळतं! बसायला टाकल्यावर अर्जदार उठेल कशाला?

एवढ्यात शेजारचे महादेवप्पा आले. कापडाचं दुकान, भारदस्त देह, आणि सल्ला द्यायला कुणाच्या बोलावण्याची गरज नाही असा मोकळा स्वभाव. सगळी हकिकत ऐकून त्यांनी मांडी घातली.

"राव, ह्ये बघा. गाणगापूरला पुनवेला किती मानूस येतंय? पादुकांचं दर्शन कुठून? खिडकीतून! देव खिडकीतून भेटायलाय, तर तुमचा साहेब कामून भेटंना? खिडक्या ठेवा. एक न्हाई, तीन ठेवा. पहिलीला अर्ज द्यायचा, दुसरीला तपासनी, तिसरीला निकाल. मानूस फिरत राहिला की त्याला वाटतंय, काम व्हायलंय."

या माणसाला कापडाच्या दुकानात बसवून देवानं एक उत्तम जिल्हाधिकारी वाया घालवला, असं मला त्या क्षणी वाटलं. तीन खिडक्या हे कलम दुसरं झालं.

पाठोपाठ पांडुरंगराव मास्तर आले. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पण निवृत्तीची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती. ते म्हणाले, "परदेशात माणूस जातो तो आपल्या देशाचं नाव घेऊन. अर्जदाराला आधी दहा ओळी शुद्धलेखन घाला. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही त्यानं समुद्र ओलांडून काय दिवे लावायचे?" ते कलम पाचवं. सातवं मात्र माझं एकट्याचं, आणि ते मी रात्रंदिवस मनात घोळवून पक्कं केलं होतं: 'अर्जदाराचा जन्म ज्या गावी झाला त्या गावच्या पाटलाचा जन्मदाखला, दोन प्रतींत, सोबत असल्याखेरीज अर्जाकडे पाहण्यातही येऊ नये.' 'पाहण्यातही' या शब्दावर माझा फार जीव होता.

अशी एकतीस कलमं झाली. पांडुरंगरावांनी त्यांचं इंग्रजी केलं. पण नुसत्या कागदावर काय भरवसा? रविवारी प्रत्यक्ष करून बघायचं ठरलं.

आमच्या घराला खिडक्या तीनच. एक ओसरीच्या खोलीची, एक सैपाकघराची, आणि तिसरी गोठ्याची, जिच्यातून म्हशीला कडबा टाकत. पहिलीत मी बसलो. दुसरीत अन्नपूर्णेला बसवलं. ती भाकरी थापता थापता अर्ज तपासणार होती. तिसरीत बसायला कोणी तयार होईना, म्हणून तिथं फक्त पेटी ठेवली. अर्जदार म्हणून गल्लीतले अकरा जण उभे राहिले.

पहिले महादेवप्पा. "जन्म कधीचा?" मी विचारलं.

"पलेगाच्या फुडच्या वर्सी. जोंधळ्याची रास चाललीती."

"दाखला?"

"रास संपली की जी. आता कुठला दाखला?"

नामंजूर. पांडुरंगरावांकडं दाखला होता, पण कलम नववं फोटोचं. त्यांचा एकच फोटो निघालेला, शाळेच्या सगळ्या शिक्षकांसोबतचा, आणि त्यात त्यांच्या तोंडापुढं ड्रिलमास्तरचा फेटा आलेला. कानावरून ओळख पटवा म्हणून ते हटून बसले. नामंजूर. दोघं तिघं शुद्धलेखनात गेले. एक जण दुसऱ्या खिडकीशी भाकरी खात बसला तो पुढं सरकेचना. महादेवप्पांचा नामंजूर अर्ज तिसऱ्या खिडकीत ठेवला होता, तो म्हशीनं खाल्ला. त्यावर त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा मी शांतपणे एकोणिसावं कलम वाचून दाखवलं: 'गहाळ झालेल्या अर्जाची जबाबदारी अर्जदाराची.'

दुपारपर्यंत अकराच्या अकरा अर्ज नामंजूर झाले. एकही चुकून सुटला नाही. मला कृतार्थ वाटलं. सोमवारी योजना रजिस्टर पोस्टानं हैदराबादेला रवाना केली.

गुरुवारी आमच्याकडचा बाजार. सकाळी दार उघडलं तर ओसरीपुढं चाळीस-पन्नास माणसं रांग धरून उभी! महादेवप्पांनी तीन दिवस गिऱ्हाइकांना कापड कमी आणि आमची कचेरी जास्त दाखवली होती. 'गुरुराजरावांच्या घरी पासपोट मिळायलाय,' ही बातमी बैलगाड्यांबरोबर खेडोपाडी गेली होती. पासपोर्ट म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण 'पास' म्हणजे रॉकेलचा किंवा साखरेचा असणार यावर एकमत होतं. काहींच्या मते तो आगगाडीत फुकट बसायचा. चिंताकीहून आलेल्या एका गृहस्थांनी फार अदबीनं विचारलं, "एका पासावर बैलजोडी बसती का, का येकेका बैलाचा येगळा काढावा लागतोय?"

मी पायरीवर उभा राहून ओरडलो, "घरी जा! इथं काही मिळत नाही!" त्यामुळं रांगेतल्या शेवटच्या माणसाचीही खात्री पटली की इथं नक्की काहीतरी मिळतंय. त्यात अन्नपूर्णेनं घागर बाहेर आणून सगळ्यांना पाणी द्यायला सुरुवात केली. पाणी मिळाल्यावर माणसं खाली बसली. एकानं पानाची चंची सोडली.

अकरा वाजता कचेरीतला शिपाई तहसीलदारसाहेबांचं पत्र घेऊन आला. पत्रातला मजकूर दोन ओळींचा होता: 'राहत्या घरी परवानगीवाचून सरकारी कचेरी चालवीत असल्याचे कळते. उद्या दहा वाजता समक्ष खुलासा करावा.' आता कपात नव्हे, बडतर्फी. सोळा वर्षांची चाकरी पाण्याच्या एका घागरीपायी बुडाली, असं म्हणून मी अन्नपूर्णेकडं रागानं बघितलं. ती दुसरी घागर भरायला आत गेली होती.

संध्याकाळी बाजार उठला तशी रांग पांगली. एक बाई मात्र उठली नाही. पन्नाशीपुढची, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. तिनं पदराची गाठ सोडून एक घडी करकरून जीर्ण झालेला कागद पुढं केला.

"मी हुलसूरची नागम्मा जी. माजा ल्योक काशप्पा, खजुराच्या वखारीत इंजनावर हाय, समुद्राच्या पल्याड. त्याचा पास सरून गेलाय. दोन वरसं झाली, येतो म्हनायलाय, येतो म्हनायलाय. ह्ये तिथल्या साहेबाचं कागुद, त्यानंच धाडलंय. कुनालाच वाचाया येईना."

पांडुरंगराव अजून ओसरीवर होते. त्यांनी चष्मा लावून वाचलं. तिकडच्या कचेरीनं काशप्पाला लिहिलं होतं की तुझा जुना पासपोर्ट निजामाच्या काळातला, मुदत संपलेला. नवा पाहिजे तर जन्मगावच्या पाटलाचा जन्मदाखला आण.

"मग दाखला आणा की हुलसूरच्या पाटलाचा," मी म्हणालो.

"पाटील म्हनतोय, तुजं पोरगं हितं जल्मलं न्हाई. आन् खरंच हाय ते. बाळंतपन माज्या माहेरी झालं, ह्याच गावात. हितल्या पाटलाकडं गेले, तर त्या वर्सीचं दप्तर वाळवीनं खाल्लं म्हनतोय."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मग बाई, नियमानं अर्ज नामंजूर."

ती रागावली नाही, रडलीही नाही. फक्त विचारलं, "ह्यो नियम कुनी केला जी?"

आता काय सांगावं! त्या साहेबांनी निदान एकच प्रत मागितली होती. मी दोन मागितल्या होत्या, आणि सोमवारीच रजिस्टर करून पाठवलं होतं. पांडुरंगराव एकदम फार लक्ष देऊन चष्मा पुसू लागले.

"पुरावा लागतो ना नागम्माबाई," मी खालच्या आवाजात म्हणालो. "तो जन्मला याचा काहीतरी पुरावा."

"मी हाय की!" ती म्हणाली. "म्या जल्म दिलाय. मी हितं उभी हाय. आनखी काय दावू?"

आतून अन्नपूर्णेचा आवाज आला. "आता कामून गप बसलाव? एवढी कलमं लिवलाव, एक तिच्यासाठी लिवा की!"

एकाएकी मला माझ्या एकतीस कलमांची शिसारी आली. मी कागद पुढं ओढला. "बाळंतपण कुणी केलं होतं? ती बाई हयात आहे का?"

"राजूबाई? न मराया काय झालं तिला? वेशीपाशी ऱ्हातीय की."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी खुलासा द्यायला निघालो, तो असा: पुढं मी, हातात साहेबांचं पत्र, मागं नागम्मा, तिच्यामागं महादेवप्पांच्या बैलगाडीत ऐंशी वर्षांची, कानानं ठार बहिरी राजूबाई, आणि शेवटी छत्री उगारून पांडुरंगराव. गावात कुणीतरी विचारलं, वरात कुणाची? 'नोकरीची,' असं सांगून मी पुढं झालो.

तहसीलदारसाहेब लाल झाले होते. त्यांचं हिंदुस्तानीही माझ्या इंग्रजीसारखंच खडीचं. "तुम घर में कचेरी खोला? किसका हुकूम?"

मी नागम्माचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि राजूबाईकडं बोट करून विचारलं, "ये कौन?"

सुईणीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. पण प्रसंग इंग्रजीचा होता. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, धिस ओल्ड वूमन गिव्ह बर्थ टू होल तालुका."

साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. राजूबाईनं, आपल्याविषयी काही चांगलं बोललं गेलं असं समजून, दोन्ही हात जोडले. पांडुरंगरावांनी पुढं होऊन शब्द दुरुस्त केला, तेव्हा कुठं साहेबांच्या ध्यानात आलं. ते खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभे होते.

मग जबानी सुरू झाली. काशप्पाचा जन्म कुठल्या साली, हे राजूबाईच्या कानात महादेवप्पांनी इतक्या जोरात विचारलं की बाहेर झाडाखालचे वकील उठून उभे राहिले.

"साल बील मला ठावं न्हाई," राजूबाई म्हणाली. "पन ह्या मास्तरची थोरली पोरगी झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. मास्तरच्या घरून आले, हात धुतले न्हाई तवर हिच्या आईचं बोलावनं. मास्तरनं पोरगी झाली म्हनून मला चोळीचं खनबी दिलं न्हाई."

सगळ्यांनी पांडुरंगरावांकडं बघितलं. ते गोरेमोरे झाले. पण माणूस शिस्तीचा. तडक घरी गेले आणि मुलीची पत्रिका घेऊन आले. शके, मास, तिथी, वार, घटका, पळं. साहेबांनी त्या सालचं जुनं पंचांग मागवून इंग्रजी तारीख काढवली, तीत एक दिवस मिळवला, नागम्माची आणि राजूबाईची जबानी शपथेवर लिहून घेतली, दोघींचे अंगठे घेतले आणि खाली स्वतःची सही आणि तहसीलचा मोठा शिक्का. शिक्का उठला तेव्हा नागम्मानं त्या कागदाला हात लावून हात डोळ्यांना लावला.

"और तुम," साहेब माझ्याकडं वळले. मी डोळे मिटले. "घर का कचेरी बंद. ये काम इधर करो. पुराना उर्दू दप्तर में और कितना ऐसा लोग है, मालूम?" महिन्याभरानं कपातीची यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. जुन्या दप्तरांच्या कपाटापुढं एक टेबल मात्र माझ्या नावानं लागलं होतं.

पण ती योजना हैदराबादेला पोचलेली! कुठल्या साहेबाला ती पसंत पडली आणि कुणी दुसरी नागम्मा सातव्या कलमापाशी अडली तर? खुलासा दिला त्याच दिवशी मी दुसरं रजिस्टर केलं होतं. 'पहिली योजना रद्द समजावी. नवी अशी: अर्जदारास प्रथम बसावयास द्यावे व पाणी द्यावे. नंतर त्याच्याजवळ काय आहे ते विचारावे, व जे आहे त्यावरून काम कसे होईल ते पाहावे.' एवढंच. चार ओळी. पांडुरंगरावांनी त्यात एकही चूक काढली नाही, हे त्यांच्याकडून फार झालं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं: 'आपल्या दोन योजना परस्परविरुद्ध आहेत. पहिली विचारार्ह होती. उमेदवाराचे मत स्थिर दिसत नसल्याने निवड करता येत नाही.' महादेवप्पा हळहळले. "राव, खिडक्या तेवढ्या ठेवायच्या व्हत्या." मी पत्र घडी करून ठेवलं. 'पहिली विचारार्ह होती' ही ओळ मात्र मी पुढं बरीच वर्षं, अन्नपूर्णा जवळ नसेल तेव्हा, लोकांना वाचून दाखवत असे.

काशप्पा आला तो फाल्गुनात, दुपारच्या गाडीनं. आमच्या शिक्क्याच्या कागदावर पासपोर्ट मिळाल्याचं त्यानं आधीच कळवलं होतं. नागम्मा सकाळपासून ठेसनावर बसली होती, शेजारी शेंगांच्या पोळ्यांचं गाठोडं. मीही गेलो. कामाचा भाग म्हणून, असं कचेरीत सांगून.

गाडी थांबली. नागम्मा डब्याडब्यातून धावत सुटली. एका उडप्याला धरलं, एका पोलिसाला धरलं. आणि ज्याच्या डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि पोटावर सुखाचा एक वळसा होता असा एक माणूस तिच्या समोरच उतरून उभा राहिला, त्याला "सरका जी जरा," म्हणून बाजूला ढकलून ती पुढं निघाली.

"अव्वा!" तो माणूस म्हणाला.

ती थबकली. परत आली. त्याच्याभोवती एक चक्कर मारली. त्याची हॅट काढून बघितली, चष्मा काढून बघितला. मग माझ्याकडं वळून अगदी हळू विचारलं, "आवाज त्योच हाय जी. ह्योच माजा न्हवं?"

सोळा वर्षांच्या नोकरीत इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी घसा साफ करून म्हणालो, "कागदपत्रांवरून तोच दिसतो."

"कागुद राहू द्या," ती म्हणाली, आणि काशप्पाच्या पाठीत असा एक दणका घातला की गार्डानं शिट्टी वाजवायची थांबवली. "ईवडं जाड व्हईस्तवर तिथं कामून ऱ्हायलास रं? आं? येकटाच जेवायलास का?" त्यानंतर तिला रडू कोसळलं आणि तो हॅटवाला माणूस फलाटावर उकिडवा बसून तिच्या पदरानं स्वतःचे डोळे पुसू लागला.

मी कचेरीतर्फे दोन शब्द बोलावेत म्हणून पुढं झालो. नागम्मानं न बघताच पोळ्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं, "धरा जी वाईच," म्हणाली, आणि लेकाचा हात धरून बैलगाड्यांच्या दिशेनं चालू लागली. मी इकडंतिकडं पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. गाठोडं खांद्यावर घेतलं आणि त्यांच्यामागं निघालो.